न लावलेला रतीब

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून)

पंचवटीतल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, दिवाळीत फराळ आणि एरवी मसाले, असा त्यांचा घरगुती धंदा. पती सातपूरला कारखान्यात, मुलगा पुण्यात शिकतो. गेल्या नवरात्रात त्यांना मोबाइलवर जाहिरात दिसली : 'घरबसल्या ऑनलाइन मार्केटिंग शिका, फक्त ९९ रुपयांत.' खाली उलटं पळणारं घड्याळ, ऑफर संपायला ११ मिनिटं बाकी. त्यांनी यूपीआयचा पिन टाकून ९९ रुपये भरले, तीन व्हिडिओ पाहिले, मग फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि ते तसंच राहिलं.

मार्चअखेर बचत गटाच्या कर्जासाठी पासबुक छापून घेतलं तेव्हा कळलं, दर महिन्याला १,४९९ रुपये जात आहेत. तोवर पाच वेळा गेले होते, आणि नोंदीत नाव भलत्याच कंपनीचं. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी ॲप काढून टाकलं, तरी एप्रिलमध्ये सहावा हप्ता गेलाच. आता भाचा म्हणतो, खातंच बंद कर.

त्यांना खरी टोचणी वेगळीच आहे. 'मैत्रिणीला जोडा, ५० रुपये मिळवा' म्हणून मार्गशीर्षात त्यांनी गटातल्या तिघींना लिंक पाठवली होती. एकीचे आतापर्यंत चार हप्ते गेलेत, दुसरीचे दोन. तिसरीनं ९९ रुपये भरले ते पंधरा दिवसांपूर्वी, म्हणजे ताईंना सगळं कळून चुकल्यानंतर. त्यांच्या खात्यात ५० रुपये आले तेव्हा ते लक्षात आलं. तिघींनाही अजून काही सांगितलेलं नाही. पतींनाही नाही. त्या लिहितात : "चूक माझीच आहे. शिकलेली असते तर फसले नसते. पैसे गेले ते गेले, पण गटात तोंड कसं दाखवू? आता ऑनलाइनचं नावच नको वाटतं."

उत्तर

ताई,

हे उत्तर छापून येईपर्यंत सातवा हप्ता गेला असता, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळींचा निरोप धाडला होता : यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'त, म्हणजे आपोआप पैसे जाण्याच्या परवानग्यांच्या यादीत, जा आणि या कंपनीची परवानगी रद्द करा. ती रद्द झाल्याचं तुमचं उत्तर आलं, तेव्हा कुठं मला निवांत लिहायला सुचलं.

तुमचं पत्र पावणेदोन पानांचं आहे. त्यात 'माझीच चूक' हे शब्द चार वेळा आलेत आणि कंपनीचं नाव एकदाच. मी सव्वीस वर्षं नाशकात बँकेच्या काउंटरवर काढली. पैसे हरवलेली माणसं कशी बोलतात ते मला ठाऊक आहे. खिसा कापला गेला की माणूस चोराला शिव्या घालतो. मोबाइलवरून पैसे गेले की मात्र तो स्वतःलाच घालतो. हा फरक का पडतो यावर मी बराच विचार केलाय, आणि मला वाटतं तो त्या पिनमुळं पडतो. बटण आपल्या बोटानं दाबलेलं असतं, म्हणून गुन्हाही आपलाच वाटायला लागतो.

तर आधी ते बटण बघू.

आपल्याकडं रतीब हा शब्द आहे. दुधाचा रतीब, पेपरचा रतीब. रतीब लावताना दूधवाला दारात उभा राहून विचारतो : किती, कुठलं, कधीपासून? भाव सांगतो. गावाला जायचं असलं तर आदल्या दिवशी "उद्यापासून चार दिवस नको" एवढं म्हटलं की पुरतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण खाडे मांडतो, महिनाअखेर तो त्याच्या वहीशी पडताळून बघतो आणि मग पैसे. तो आपलं दार उघडून डब्यातून पैसे काढून नेत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या निरक्षर गवळ्यालाही हा व्यवहार जमत होता.

तुम्ही ज्या पडद्यावर पिन टाकला, तसा एक मी मुद्दाम उघडून पाहिला. तुमच्या कंपनीचा नव्हे, त्याच जातीचा दुसरा. वर अंगठ्याएवढ्या अक्षरात '₹९९'. त्याखाली हिरवं बटण. बटणाच्याही खाली, बोट टेकवलं की झाकलं जाईल अशा जागी, पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत एक इंग्रजी ओळ : तीस दिवसांनंतर दरमहा इतके, रद्द करेपर्यंत. बटण दाबल्यावर यूपीआयचा पडदा येतो. त्यावर कमाल रक्कम, दर महिन्याला, अमुक सालापर्यंत वैध, असं सगळं असतं. ती वैधता बरीच वर्षं पुढची होती, तोवर माझं काय होईल देव जाणे. पण तोपर्यंत आपलं डोकं 'नव्व्याण्णवच तर आहेत' इथं पोहोचलेलं असतं, हात सरावाचा असतो आणि चार आकडे टाकून होतात.

मी पडदा बंद करायला गेले, तर खाली लहान अक्षरात पर्याय होता : 'नको, मला माझा धंदा वाढवायचा नाही.' नकार द्यायचा तर आधी स्वतःचा अपमान करून घ्यायचा!

तुम्ही पिन टाकलात तो मनात ९९ रुपयांसाठी, आणि यंत्रानं तो घेतला पुढच्या सगळ्या महिन्यांच्या परवानगीसाठी. बोट दिलं, त्यांनी मनगट धरलं. त्या परवानगीला बँकेच्या भाषेत 'मँडेट' म्हणतात. एकदा ते दिलं की १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारला जात नाही. विजेचं बिल, विम्याचा हप्ता यांसाठी ही सोय चांगलीच आहे, माझी दोन बिलं अशीच जातात. सोयीबद्दल माझी तक्रार नाही. ती झाकून ठेवण्याबद्दल आहे.

आता 'शिकलेली असते तर' हे. मी कॉमर्सची पदवीधर, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा पत्रिका जुळवायचं एक ॲप घेतलं, 'सात दिवस मोफत'. पत्रिका काही जुळली नाही (लग्न झालं, छान चाललंय). मी ॲप काढून टाकलं आणि क्रेडिट कार्डावर तीन महिने २९९ रुपये लागत राहिले. बिलात नाव तिसऱ्याच कुणाचं, म्हणून मला वाटलं 'ह्यांनी' काहीतरी घेतलं असेल, आणि ह्यांना वाटलं मी. आम्ही दोघं एकमेकांना समजून घेत गप्प बसलो आणि ८९७ रुपये गेले.

आमचं सोडा. अमेरिकेत हा प्रकार इतका जुना आहे की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, १९७३ सालीच त्यावर नियम केला होता. तेव्हा पुस्तकांचे क्लब असत. दर महिन्याला 'नको' असं कळवलं नाही, तर पुस्तक घरी येई आणि बिलही. गप्प राहिलात म्हणजे हो म्हणालात, असा तो हिशेब. त्याच कमिशननं ॲमेझॉनवर खटला भरला होता : ग्राहकांना नीट न विचारता 'प्राइम' या वर्गणीच्या योजनेचं सभासद केलं आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली, असा आरोप. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं २५० कोटी डॉलरवर तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. ज्यांच्यासाठी त्यातली मोठी रक्कम परत द्यायचं ठरलं, ती माणसं इंग्रजीच वाचणारी होती, ताई.

आपल्याकडंही याला नाव मिळालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार त्यात दिलेत. तुमच्या पत्रातच मला त्यातले दोन सापडले : ते ११ मिनिटांचं घड्याळ म्हणजे खोटी घाई, आणि रद्द करायची वाट लपवणारी वर्गणी, तिला तिथं 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' असाच शब्द आहे. 'मला धंदा वाढवायचा नाही' म्हणायला लावणं हा तिसरा प्रकार, तो मी पाहिलेल्या पडद्यावर होता, तुमच्याही असेल. पैसे परत मागताना हे शब्द वापरा. 'मी फसले' असं लिहिलं की तुमच्याविषयी सहानुभूती वाटते, 'ही सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे' असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

बँकेतल्या त्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. परवानगी नोंदलेली असेल तर हप्ता रोखून धरणं हे बँकेचं काम नव्हे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक हप्त्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, तीत रक्कम, कुणाला, कधी हे असायला हवं, आणि नको म्हणायची सोयही. शिवाय दिलेली परवानगी केव्हाही काढून घेता आली पाहिजे. त्यानं तुम्हाला एवढंच सांगायला हवं होतं की ती काढता येते. तुमच्या मोबाइलमधले जुने मेसेज एकदा शोधा. मला वाटतं सूचना आल्या असतील, कर्जाच्या आणि लॉटरीच्या चाळीस मेसेजांत गाडल्या गेल्या असतील. खरंच एकही आली नसेल, तर मात्र तक्रार बँकेविरुद्धही आहे : आधी बँकेकडं लेखी, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्याला पैसे पडत नाहीत.

भाच्याचे दोन्ही सल्ले प्रेमाचे आणि दोन्ही चुकीचे. ॲप हे दुकानाचं दार आहे, परवानगी आहे बँकेच्या खात्यावर. दार काढून टाकलं म्हणून उधारीच्या वहीतलं नाव खोडलं जात नाही. उलट ॲपबरोबर तुमच्या वर्गणीचा तपशील दिसायची जागाही गेली. आणि खातं बंद करायचं म्हणजे गटाचं कर्ज, मुलाला पाठवायचे पैसे सगळं हलवायचं, एका परवानगीपायी. ढेकूण झाले म्हणून घर जाळण्यातला प्रकार.

रद्द करण्याविषयी इतर वाचकांसाठी थोडं सविस्तर, कारण नेमकं इथंच लोक अडकतात. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरले, त्यात आपल्या नावाच्या किंवा फोटोच्या पानावर 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा विभाग असतो. तिथं चालू परवानग्यांची यादी दिसते. नको ती उघडा. काही ठिकाणी 'थांबवा' आणि 'रद्द करा' असे दोन पर्याय असतात. थांबवलेलं पुन्हा सुरू होऊ शकतं, तेव्हा रद्दच करा. तिथं पिन मागितला तर दचकू नका, फक्त पिनच्या वरची ओळ वाचा आणि ती रद्द करण्याविषयीच आहे ना ते पाहा. रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. यादीत काहीच दिसत नसेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा थेट शाखेत विचारा. फोनच्या ॲप दुकानातून घेतलेल्या वर्गण्या आणखी वेगळ्या जागी असतात : अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याखाली, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली. कार्ड वापरत असाल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून ठेवायची सोय असते. परदेशातला दुकानदार अनेकदा ओटीपी न मागताच पैसे घेऊ शकतो, तेव्हा ज्यांना गरज नाही त्यांनी ते बटण बंदच ठेवावं.

एक भीती मात्र बाळगाच. कंपनीचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. तिथं 'कस्टमर केअर' म्हणून भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. "तुमचे ८,९९४ रुपये परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. असं काही घडलंच तर त्याच मिनिटाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. तिथं वेळ फार मोलाची असते.

आता पैसे. गेले ते गेले, असं तुम्ही धरून चाललात. मी धरत नाही, पण सगळे मिळतील असंही सांगणार नाही. कंपनी म्हणेल, अटी लिहिलेल्या होत्या. तुम्ही म्हणाल, झाकलेल्या होत्या. तुम्ही तीन व्हिडिओ पाहिलेत, पण ते ९९ च्या महिन्यातले. त्यानंतर काही पाहिलं नाही ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि कंपनीच्या नोंदीतही ती असणार. म्हणून ९९ मागू नका, ते तुम्ही जाणून दिलेत. ८,९९४ मागा. जाहिरातीत किंवा बिलावर जो ईमेल दिलाय त्यावर, मराठीतसुद्धा चालेल, इतकंच लिहा :

"मी अमुक तारखेला आपली ९९ रुपयांची ऑफर घेतली. त्यानंतर दरमहा १,४९९ रुपये घेतले जातील हे पैसे भरण्यापूर्वी मला स्पष्टपणे सांगितलेलं नव्हतं. अमुक तारखेनंतर मी ही सेवा वापरलेली नाही. परवानगी रद्द केली आहे. सोबतच्या यादीतील सहा व्यवहारांचे ८,९९४ रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. तसं न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

सोबत पासबुकाच्या त्या पानांचे फोटो, रद्द झाल्याचा मेसेज आणि ती जाहिरात अजून दिसत असेल तर तिचा स्क्रीनशॉट. जाहिरात आजच टिपून ठेवा, अशा जाहिराती रात्रीत बदलतात.

उत्तर म्हणून बहुधा कूपन येईल, किंवा 'एका महिन्याचे देतो'. घ्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न. निम्मे मिळत असतील आणि तुम्हाला वाळवणाच्या दिवसांत डोक्याला ताप नको असेल, तर घेण्यात कमीपणा नाही. फक्त 'आता काही देणं-घेणं उरलं नाही' अशा मजकुरावर समाधान झाल्याखेरीज हो म्हणू नका.

उत्तरच आलं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं मराठीत बोलता येतं. ती निवाडा देत नाही, तुमची तक्रार कंपनीच्या दारात नेऊन ठेवते आणि पाठपुरावा करते. एवढ्यानंही बऱ्याच कंपन्या नरमतात, कारण रद्द करू न देणाऱ्या दुकानाला कागदावर नाव आलेलं नको असतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे नाशकातच, तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की आणखी कुठं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. एकट्या ८,९९४ साठी तारखांना जाणं परवडेल का? खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला असता. पण तुम्ही एकट्या नाही. तुमचे सहा, एकीचे चार, दुसरीचे दोन असे बारा हप्ते होतात, १७,९८८ रुपये. सारख्याच तक्रारीच्या अनेकांना आयोगाच्या परवानगीनं मिळून एक तक्रार देता येते.

तेव्हा गटात तोंड कसं दाखवू, हा प्रश्न मला उलटा दिसतो. पैसे परत मिळवायचा तुमचा सगळ्यात भक्कम आधार त्या तिघी आहेत, आणि त्यांच्यापासूनच तुम्ही तोंड लपवताय.

हप्त्याचा आकडा बघा. १,४९९. दुखेल इतका मोठा, पण पोलीस ठाण्याची पायरी चढावी असं वाटणार नाही इतका लहान. आणि असा की चारचौघींत सांगायची लाज वाटावी. हा धंदा त्या लाजेवर चालतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तुम्ही गप्प राहिलात ते चांगुलपणानं, कुणाला त्रास नको म्हणून. पण मार्चअखेर ते तिसरीनं पैसे भरले तो दिवस, या मधल्या काळातलं तुमचं गप्प राहणं मात्र तिला महागात पडू शकतं. इथं मी तुमची बाजू घेणार नाही. तिघींना लिंक पाठवलीत तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्यात तुमचा दोष शून्य. तिसरीनं पैसे भरले तेव्हा ठाऊक होतं. हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर पत्र लिहिलंत.

त्या दीडशे रुपयांचं काय करू, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात तो आकडा दोनदा आलाय. रक्कम चिल्लर आहे, पण ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी जिचे तिचे ५० रुपये हातावर ठेवा. सगळं बोलून झाल्यावर नव्हे, आधी. पुढचं बोलणं मग सोपं जातं. आणि 'मी पण फसले' यानं सुरुवात करू नका. "माझ्या लिंकमुळं तुझ्या खात्यातून पैसे जातायत, आधी मोबाइल काढ" अशी करा. कुणी चिडेल, एखादी चार दिवस बोलणार नाही. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिरच्या एकत्र घेणाऱ्या बायका तुम्ही. चार दिवसांनी तिला तुमची आणि तुम्हाला तिची गरज लागेलच.

पतींना सांगायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. मी त्यांना ओळखत नाही. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी एकच वाक्य आहे, 'म्हणतील, सांगितलं होतं ना'. म्हणतील. एकदा म्हणतील. परवानगी रद्द झाल्याचा मेसेज आणि कंपनीला पाठवलेला ईमेल हातात घेऊन सांगितलंत तर दुसऱ्यांदा म्हणायला फारसं उरणार नाही. आणि सांगताना त्यांच्याही फोनमधली ऑटोपेची यादी उघडून बघा. माझा अनुभव असा की तिथं काहीतरी सापडतं.

ऑनलाइनचं नावच नको, हे मात्र मला पटलं नाही. तुम्हाला शिकायचं होतं ते चूक नव्हतं. कुरडयांचा चांगला फोटो, पाव किलोचा आणि किलोचा भाव, पोहोचवायचे दिवस, एवढं व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये भरायला पैसे पडत नाहीत. पुण्यातला मुलगा सुटीत येईल तेव्हा अर्ध्या दुपारचं काम आहे. कुणाच्या ९९ रुपयांच्या गुरुमंत्राची त्याला गरज नाही. भरायचेच असतील तर पुढच्या वेळी पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर 'दरमहा', 'ऑटोपे', 'मँडेट' यातला एखादा शब्द आहे का तेवढं बघा. असेल तर ती खरेदी नाही, रतीब आहे. हवा असेल तर लावा. आणि पासबुक वर्षातून एकदा नको, दर महिन्याला छापा. शाखेच्या यंत्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं लागतं, तेवढंच.

राहता राहिली तिसरी. पहिल्या दोघींना गटाच्या बैठकीपर्यंत थांबवलंत तरी फार बिघडणार नाही, पण तिचे तीस दिवस अजून संपायचे आहेत. तिच्या खात्यातून अजून १,४९९ चा एकही हप्ता गेलेला नाही. तुम्ही पत्र टाकलंत तेव्हा तिचे पंधरा दिवस झाले होते, आज हे लिहिताना बावीस झालेत. छापून येईपर्यंत आणखी चार-पाच जातील. हे सगळं वाचून होण्याची वाट बघू नका. फोनवर नीट सांगता येणार नाही, तिच्या घरी जा, मोबाइल तिच्याच हातात राहू द्या, आणि परवानगी रद्द करताना शेजारी बसून पिनच्या वरची ती ओळ तिला वाचून दाखवा.